तीन गुणांनी अडकलेला ग्रुप

सीए परीक्षांचे निकाल लागून गेले की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. एरवी विवरणपत्राची मुदत किंवा भविष्य निर्वाह निधीतून रक्कम काढण्याची पद्धत विचारणारे वाचक लिहीत असतात. निकालानंतरच्या दोन-तीन आठवड्यांत मात्र मुलांची पत्रे येतात, आणि त्याहून जास्त त्यांच्या आईवडिलांची. या वेळी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रांना उत्तरे देत आहे. पहिले उत्तर लांबले आहे, कारण त्या पत्रातली अवस्था आणखी कितीतरी जणांची आहे. पत्रलेखकांची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

प्रश्न : सा. न. वि. वि. मी मूळची बार्शीची, वय २७. तीन वर्षांची आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालची उमेदवारी, पुण्यात पूर्ण केली आणि सध्या एका कंपनीच्या अकाउंट्स विभागात सेमी-क्वालिफाइड (सीए अजून पूर्ण न झालेली) म्हणून नोकरी करते. सीए फायनलचे, म्हणजे शेवटच्या परीक्षेचे, तीन-तीन विषयांचे दोन्ही ग्रुप पहिल्यांदा एकत्र दिले तेव्हा दुसरा ग्रुप निघाला आणि पहिला अडकला. त्यानंतर तीन वेळा पहिला ग्रुप दिला. पहिल्या खेपेला फायनान्शियल रिपोर्टिंग ४३, फायनान्शियल मॅनेजमेंट ५८ आणि ऑडिट ४१. दुसऱ्या खेपेला अनुक्रमे ३८, ६१ आणि ५२. या वेळी फायनान्शियल मॅनेजमेंटचे एक्झम्प्शन होते, म्हणजे साठच्या वर गुण असल्याने तो पेपर पुन्हा द्यायचा नव्हता. बाकी दोन विषयांत ४२ आणि ४४ मिळाले. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहते. माझी खोलीतली मैत्रीण या वेळी सीए झाली. क्लासबाहेर लागलेल्या अभिनंदनाच्या फलकावर तिचा फोटो आहे आणि ऑफिसला जाताना रोज तो दिसतो. गेली दिवाळी मी घरी गेले नाही, कारण ‘काय, झालीस का सीए?’ हा प्रश्न नको होता. बाबांचे किराणा दुकान आहे. ते काही बोलत नाहीत, पण आई लग्नाचा विषय काढते. नोकरी सोडून पूर्ण वेळ अभ्यास करावा, नवा क्लास लावून पहिल्यापासून सुरुवात करावी, की हे सगळे सोडून द्यावे, हे कळत नाही. माझ्यात ती कुवतच नाही, असे आता वाटू लागले आहे. — एक वाचक, पुणे

उत्तर : तुमचे पत्र वाचताना मी शेजारी कागद घेतला आणि तुम्ही दिलेल्या गुणांच्या बेरजा केल्या, कारण पत्रात तुम्ही गुण लिहिले असले तरी बेरीज एकदाही लिहिलेली नाही. पहिल्या खेपेची बेरीज १४२ होते. प्रत्येक विषयात ४० आणि ग्रुपच्या ३०० पैकी १५० ही अट लक्षात घेता तेव्हा तुम्हाला आठ गुण कमी पडले. दुसऱ्या खेपेची बेरीज १५१ आहे, म्हणजे एग्रीगेट, ग्रुपची एकूण बेरीज, मिळाले होते. फायनान्शियल रिपोर्टिंगमध्ये ३८ पडल्यामुळे ग्रुप गेला. या वेळी एक्झम्प्शनचे ६१ धरून १४७ झाले. तीन गुण कमी. हिशेबाच्या माणसाने हिशेब न पाहता ‘माझ्यात कुवतच नाही’ असा शेरा मारणे मला पटत नाही. या आकड्यांवरून तुमच्या कुवतीबद्दल काही सांगता येत नाही. दोन विषयांत तुमचे गुण चाळिशीच्या पहिल्या पायरीवर घोटाळत आहेत, एवढेच त्यांतून दिसते. कुवतीबद्दल काही म्हणायचेच असेल, तर ऑडिटमध्ये तुम्ही एकदा ५२ मिळवलेले आहेत, हे आधी म्हणावे लागेल.

फायनलला अनुत्तीर्ण होणे हा बहुसंख्यांचा अनुभव आहे, हेही ध्यानात ठेवा. नोव्हेंबर २०२३ मध्ये फायनलचे दोन्ही ग्रुप एकत्र देणाऱ्यांपैकी ९.४२ टक्के उत्तीर्ण झाले. सीए अभ्यासक्रमाच्या नव्या योजनेतल्या पहिल्याच, म्हणजे मे २०२४ च्या परीक्षेत हेच प्रमाण १९.८८ टक्के होते. सहा महिन्यांत देशातल्या मुलांची बुद्धी दुप्पट झाली नव्हती. योजना बदलली, विषय आठांवरून सहांवर आले आणि निकाल बदलला. ज्या परीक्षेत चांगल्या निकालाच्या वर्षीही पाचांतले चार जण मागे राहतात, तिथे मागे राहिलेल्या प्रत्येकाने स्वतःला नालायक ठरवायचे म्हटले, तर आज प्रॅक्टिसमध्ये असलेले आमच्यापैकी कितीतरी जण कधी ना कधी नालायक ठरले असते.

मीही त्यांतलीच आहे. नव्वदीच्या दशकात फायनलचा एक ग्रुप मला तीन वेळा अडला. तेव्हा परीक्षा मे आणि नोव्हेंबर अशी वर्षातून दोनदाच होत असे, त्यामुळे प्रत्येक नापाशीची किंमत सहा महिने. प्रत्येक निकालानंतर मी एकच गोष्ट केली : जुन्या वह्या बांधून माळ्यावर टाकल्या, नवी पुस्तके आणली आणि पहिल्या प्रकरणापासून सुरुवात केली. त्यातून एक प्रकारचे समाधान मिळत असे, पाटी कोरी झाल्यासारखे वाटत असे. पण परिणाम असा झाला, की पहिली पाच-सहा प्रकरणे मला झोपेत विचारली तरी सांगता यायची आणि शेवटची प्रकरणे परीक्षेच्या आदल्या रात्रीपर्यंत तशीच राहायची, तिन्ही वेळा. तिसऱ्या निकालानंतर ज्यांच्याकडे आर्टिकलशिप केली त्या सरांनी मला बोलावून घेतले. सांत्वनाचा एक शब्दही न बोलता त्यांनी माझ्या जुन्या प्रश्नपत्रिका मागितल्या, व्हाउचर तपासायची हिरवी पेन्सिल हातात दिली आणि म्हणाले, ‘जे प्रश्न पूर्ण लिहिलेस त्यांना टिक कर, जे अर्धवट सोडलेस त्यांना गोल कर.’ अर्ध्या तासाने त्या तीन प्रश्नपत्रिकांवर जे गोल दिसत होते ते सगळे दोन-तीन प्रकरणांतलेच होते. ते पाहून मला रडू आले, आणि त्या रडण्यात दुःखापेक्षा सुटका अधिक होती. पुढच्या खेपेला मी फक्त त्या गोलांपासून सुरुवात केली.

म्हणून नव्या क्लासच्या प्रश्नाला माझे उत्तर स्पष्ट ‘नाही’ असे आहे. पहिल्या पानापासून पुन्हा सुरुवात करू नका. चार खेपांत तुम्ही जे कमावले आहे ते तुमच्या खात्यावर जमा आहे. दुसरा ग्रुप निघालेला आहे आणि एका विषयाचे एक्झम्प्शन आहे. ते एक्झम्प्शन मिळाल्यानंतरच्या लगतच्या तीन परीक्षांपुरते चालते. त्यांतली एक झाली, दोन उरल्या. १५० तून ६१ वजा केले की ८९ राहतात. दोन विषयांत मिळून ८९, दोन्हींत किमान ४०. एका विषयात ४५ आणि दुसऱ्यात ४४ मिळाले की ग्रुप निघाला. हा आकडा एका कोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून टेबलासमोर लावा. ‘फायनल’ या नावाचा जो डोंगर तुमच्या डोळ्यांसमोर उभा आहे, त्याची आजची खरी उंची एवढीच आहे.

आता हे गुण कुठे गळतात ते शोधण्याचे साधन माझ्या काळी नव्हते, तुम्हाला आहे. परीक्षार्थीला तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०११ मध्ये माहिती अधिकाराच्या एका प्रकरणात दिला. आज सीए संस्थेच्या संकेतस्थळावरून ठरावीक शुल्क भरून उत्तरपत्रिकेची प्रमाणित प्रत मागवता येते. अर्जाची मुदत निकालापासून मोजली जाते, त्यामुळे पत्र हाती पडताच अर्ज करा. गुणपडताळणीकडून मात्र फार अपेक्षा ठेवू नका. तिच्यात बेरीज बरोबर आहे का आणि एखादे उत्तर तपासायचे राहून गेले आहे का, एवढेच पाहिले जाते. फेरतपासणीची सोय या परीक्षेत नाही. प्रत मागवायची ती परीक्षकाची चूक काढण्यासाठी मागवू नका, स्वतःचा हात पाहण्यासाठी मागवा.

त्यात काय दिसू शकते, याचे एक उदाहरण सांगते. माझ्याच ऑफिसातल्या एका मुलाने ऑडिटची प्रत आणली, तेव्हा आम्ही दोघे ती घेऊन बसलो. पहिल्या प्रश्नाला त्याने साडेनऊ पाने दिली होती. अक्षर सुंदर, खाली रेघा मारलेल्या, समास सोडलेला. शेवटच्या प्रश्नाला चार ओळी होत्या आणि चौथी ओळ वाक्याच्या मध्येच तुटली होती. शेवटचा शब्द कडेपर्यंत ओढत नेलेला. दोन्ही प्रश्न १४-१४ गुणांचे. मधल्या पानावर व्यावसायिक आचारसंहितेचा एक उपप्रश्न होता, त्यात त्याचा निष्कर्ष अगदी बरोबर होता. पण चार्टर्ड अकाउंटंट्स कायद्याच्या कोणत्या परिशिष्टातल्या कोणत्या कलमाने तो सदस्य दोषी ठरतो, हे लिहिलेच नव्हते. ५ पैकी २ मिळाले. तो म्हणाला, ‘मॅडम, मला हे येत होतं.’ येत होतेच. कागदावर उतरले नव्हते.

माझा अंदाज असा आहे, की तुमचे तीन गुण अशाच एखाद्या पानावर सांडलेले सापडतील. हिशेब साधा आहे. तीन तासांत १०० गुण. त्यांतले ३० बहुपर्यायी प्रश्नांना आणि ७० वर्णनात्मक उत्तरांना. बहुपर्यायी प्रश्न ५० मिनिटांत उरकले, तर १३० मिनिटे उरतात, आणि १४ गुणांच्या पाच प्रश्नांना प्रत्येकी २६ मिनिटे येतात. सत्ताविसाव्या मिनिटाला तो प्रश्न जिथे असेल तिथे सोडून पुढच्या पानावर जायचे; जागा ठेवली की परत येता येते. बहुपर्यायी प्रश्नांत चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत, म्हणून एकही रिकामा ठेवू नका. ऑडिटच्या उत्तरात आधी तरतूद किंवा मानक, मग दिलेल्या प्रसंगातली वस्तुस्थिती, मग निष्कर्ष, असा क्रम हाताला इतका सवयीचा झाला पाहिजे की त्यासाठी विचार करावा लागू नये. फायनान्शियल रिपोर्टिंगमध्ये एकत्रीकरणाचे (समूहातल्या कंपन्यांचे हिशेब एकत्र करण्याचे) गणित शेवटपर्यंत जुळले नाही तरी टिपणांना आणि पायऱ्यांना गुण असतात. ताळेबंद जुळत नाही म्हणून त्याच पानावर वीस मिनिटे घालवणारी मुले मी फार पाहिली आहेत.

आणखी एक गोष्ट, जी क्लासमध्ये कोणी बोलत नाही. बार्शीसारख्या गावातून आलेली आपली मुले विचार मराठीत करतात आणि उत्तर इंग्रजीत लिहितात. वाचताना सगळे समजते, त्यामुळे अभ्यास झाला असे वाटते. पण परीक्षेत वाक्य जुळवण्यात दर उत्तरामागे दोन-तीन मिनिटे जातात. यावर वाचन हा उपाय नाही, लेखन हाच आहे. संस्था प्रत्येक परीक्षेआधी रिव्हिजन टेस्ट पेपर आणि मॉक टेस्ट पेपर काढते, परीक्षेनंतर सुचवलेली उत्तरेही प्रसिद्ध करते. रविवारी दुपारी बरोबर दोन वाजता, जेवण झाल्यावर, घड्याळ लावून एक पेपर पूर्ण लिहा आणि पाच वाजता पेन खाली ठेवा. दुपारी दोन ते पाच हीच परीक्षेची वेळ आहे, आणि वर्षभर सकाळी सहाला अभ्यासिकेत बसणारी मुले नेमकी त्या वेळी पेंगत असतात. दोन विषयांचे मिळून बारा पेपर असे लिहून झाले, तर पुढच्या निकालाची वाट तुम्ही वेगळ्या मनाने पाहाल.

नोकरीबद्दल. सोडू नका, असे मी म्हणेन. सहा पेपर बाकी असते तर कदाचित वेगळे सांगितले असते. दोन पेपरांसाठी चार महिने त्या खोलीत, त्या खाटेवर, समोरच्या भिंतीकडे पाहत बसणे अभ्यासाला पोषक नाही आणि मनालाही नाही. नोकरीत तुम्हाला रोज कोणीतरी एखादी नोंद विचारते आणि तुम्ही ती बरोबर सांगता; आजच्या मनःस्थितीत त्याची किंमत फार मोठी आहे. त्याऐवजी परीक्षेच्या आधीचे सहा आठवडे बिनपगारी रजा मागा, आणि ती आत्ताच मागा. २०२५ पासून फायनल जानेवारी, मे आणि सप्टेंबर अशी तीनदा होते. एप्रिलमध्ये कंपनीत वर्षअखेरीचे काम आणि वैधानिक लेखापरीक्षण असते, सप्टेंबरात कर लेखापरीक्षणाची धावपळ. ऐन वेळी मागितलेली रजा मिळत नाही आणि मग परीक्षार्थी रात्री अकराला खोलीवर येऊन पुस्तक उघडतो. विभागप्रमुखांना तुमचा १४७ चा आकडा सांगा. अकाउंट्समध्ये काम करणाऱ्या माणसाला तो लगेच समजेल, कदाचित तुमच्या घरच्यांपेक्षाही लवकर.

घरच्यांचेही मला बोलायचे आहे. बाबा काही बोलत नाहीत, असे तुम्ही लिहिले आहे. पण तुम्हीही त्यांना काही सांगितलेले दिसत नाही. त्यांना फक्त ‘नापास’ हा एक शब्द कळलेला आहे, चौथ्यांदा. पुढच्या शनिवारी गाडी धरून बार्शीला जा, दुपारी दुकानात गिऱ्हाईक कमी असते तेव्हा गल्ल्याजवळ बसा आणि तीनही गुणपत्रिका त्यांच्यासमोर ठेवून बेरजा करून दाखवा. आयुष्यभर रोजमेळ लिहिणाऱ्या माणसाला १५० ला ३ कमी म्हणजे काय, हे तुम्हाला समजावून सांगावे लागणार नाही. ते आईला त्यांच्या भाषेत सांगतील. लग्नाच्या विषयाला ‘दोन परीक्षा होऊ द्या, मग मी स्वतः बोलेन’ एवढे उत्तर पुरे, आणि ते खरे असू द्या. नातेवाइकांच्या प्रश्नाला लांब उत्तर देण्याचे बंधन तुमच्यावर नाही. ‘एक ग्रुप झाला, एक राहिलाय’ हे पूर्ण आणि सत्य उत्तर आहे.

मैत्रिणीचा फोटो पाहून पोटात तुटते, याची लाज बाळगू नका. फलक उतरेपर्यंत दुसऱ्या रस्त्याने जा, तिचे स्टेटस महिनाभर पाहू नका. पण तिच्याशी बोलणे बंद करू नका. तिच्याकडून तिने लिहिलेले सरावाचे पेपर मागून घ्या. जी कालपर्यंत शेजारच्या खाटेवर बसून तुमच्याबरोबर मानके पाठ करत होती, तिच्याइतके उपयोगी आत्ता तुम्हाला कोणी पडणार नाही, आणि मागितल्याने तिचाही संकोच मोडेल. तीही तुमच्यासमोर आनंद लपवून वावरत असणार.

राहिला सोडून देण्याचा प्रश्न. तो वाईट प्रश्न नाही, फक्त निकालाच्या आठवड्यात त्याचे उत्तर देऊ नये. नव्या योजनेत फायनलची नोंदणी दहा वर्षे चालते, म्हणजे संस्था तुम्हाला लवकर थांबवणार नाही. थांबा आपणच ठरवायचा असतो. तुमच्या बाबतीत तो नैसर्गिकच आहे : एक्झम्प्शन असलेल्या या दोन परीक्षा. त्या मन लावून द्या. त्यानंतरही ग्रुप अडला, तर त्या वेळचे गुण घेऊन पुन्हा विचार करा. कॉस्ट अकाउंटन्सीचा मार्ग आहे, राज्यसेवेतून वित्त व लेखा सेवेत जाता येते, आणि सेमी-क्वालिफाइड म्हणून अनुभव असलेल्यांना चांगल्या कंपन्यांत जबाबदारीची पदे मिळतात. माझ्या ओळखीत अशी दोन माणसे आहेत, ज्यांच्या हाताखाली आज सीए काम करतात. मात्र तो निर्णय गुणपत्रिका समोर ठेवून घ्यायचा, अभिनंदनाचा फलक समोर ठेवून नाही.

प्रश्न : फायनलचे दोन्ही ग्रुप मी दोनदा एकत्र दिले आणि दोन्ही वेळा एकही निघाला नाही. आता एकेक ग्रुप द्यावा, असे सगळे सांगतात. सेट-ऑफचा फायदा सोडावा का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : तुम्ही गुण कळवलेले नाहीत, म्हणून नियम सांगून थांबते. दोन्ही ग्रुप एकत्र दिले आणि सहाही विषयांत किमान ४० असतील, तर ६०० पैकी ३०० झाल्यावर दोन्ही ग्रुप एकदम निघतात. एकात १४० आणि दुसऱ्यात १६५ असले तरी चालते. यालाच सेट-ऑफ म्हणतात. हा फायदा मोठा आहे, पण तो कोणाला मिळतो ते पाहा : ज्याचे सहाही विषय चाळिशीच्या वर आहेत त्याला. तुमच्या मागच्या दोन गुणपत्रिकांत ४० च्या खाली किती विषय आहेत ते मोजा. एखादाच असेल आणि बेरीज २८० च्या पुढे असेल, तर दोन्ही ग्रुप पुन्हा एकत्र देण्यात अर्थ आहे. तीन किंवा अधिक असतील, तर सेट-ऑफ हा तुमच्यासाठी फक्त कागदावरचा फायदा आहे. एक ग्रुप घ्या, तीनच विषय नीट करा. वर्षात तीन परीक्षा असल्याने दुसऱ्या ग्रुपसाठी आता पूर्वीसारखे सहा महिने थांबावे लागत नाही. एका विषयात ६० चे लक्ष्यही ठेवा. ग्रुप गेला तरी, सगळे पेपर दिलेले असतील तर, ते गुण पुढच्या तीन परीक्षांपर्यंत तुमच्याबरोबर राहतात.

प्रश्न : मी एसटीतून निवृत्त झालो आहे. मुलगा २३ वर्षांचा, सीए इंटरमध्ये, म्हणजे फायनलच्या आधीच्या परीक्षेत, तीन वर्षे अडकला आहे. पाच वेळा बसला, एकही ग्रुप निघाला नाही. या निकालानंतर तो खोलीतून बाहेर येत नाही, दिवसा झोपतो, रात्री जागतो, ताट तसेच परत येते. परवा आईला म्हणाला, ‘माझ्यामुळे तुमचा पैसा वाया गेला, मी नसतो तर बरं झालं असतं.’ त्याला सीए सोडून दे असे सांगावे का? — एक वडील, कराड

उत्तर : दादा, परीक्षेचे नंतर बोलू. तुमच्या पत्रातले शेवटून दुसरे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले आहे, आणि ते रागाच्या भरात बोलून गेला असे समजून सोडून देऊ नका, अशी माझी हात जोडून विनंती आहे. मी डॉक्टर नाही, पण परीक्षेच्या मुलांमध्ये इतकी वर्षे काढल्यावर एवढे नक्की सांगू शकते, की झोप उलटी होणे, जेवण सुटणे, दार बंद होणे आणि त्यावर ‘मी नसतो तर’ हे शब्द, या चार गोष्टी एकत्र आल्या की ती आळसाची किंवा नाटकाची लक्षणे नसतात. त्याच्याजवळ बसून सरळ विचारा, ‘जिवाचं काही बरंवाईट करावं असं मनात येतं का?’ असे विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरतो, हा समज चुकीचा आहे. उलट कोणीतरी विचारले म्हणून मुले बोलू लागतात. तो काहीही म्हणाला तरी पहिल्या वाक्यात उपदेश करू नका, ऐकून घ्या. ‘हो’ म्हणाला, तर त्याला एकटे ठेवू नका, घरातली औषधे आणि शेतीची कीटकनाशके त्याच्या हाती लागणार नाहीत अशी ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसाचे चोवीस तास विनामूल्य बोलता येते, मराठीतही बोलता येते. तो फोन करायला तयार नसेल, तर तुम्ही स्वतः करा. घरच्यांनी काय करावे, हेही तिथे सांगतात. याच आठवड्यात मनोविकारतज्ज्ञांची भेट घ्या. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयातही त्यांचा विभाग असतो. ताप आल्यावर आपण डॉक्टरांकडे नेतो आणि त्याची कोणाला चोरी वाटत नाही, तसेच हे आहे.

‘सोडून दे’ असे आत्ता सांगू नका आणि ‘पुढच्या वेळी होशील पास’ असेही म्हणू नका. पहिले ऐकून त्याला वाटेल की बाबांनी आपल्यावरचा भरवसा सोडला. दुसऱ्याने आणखी चार महिन्यांचे ओझे आत्ताच डोक्यावर बसेल. पैशाचे मात्र स्वतःहून बोला, कारण तोच काटा त्याला रुतला आहे. किती खर्च झाला तो झाला, त्याची परतफेड तुझ्याकडून आम्हाला नको आहे, हे वाक्य तुमच्या तोंडून त्याला ऐकू येऊ द्या. आईने सांगणे आणि तुम्ही सांगणे यांत फरक आहे; आपल्याकडे वडील अशा गोष्टी बोलत नाहीत, म्हणून मुलगा गृहीत धरतो की बाबा मनात हिशेब ठेवून आहेत.

तो सावरल्यावर, दोन-तीन महिन्यांनी, त्याच्याच पाच गुणपत्रिका घेऊन एखाद्या अनुभवी सीएकडे दोघे मिळून जा. पाच परीक्षांत गुण वर सरकत असतील, तर आणखी एक-दोन संधी जरूर द्याव्यात. सगळे विषय तिशीच्या आसपास थांबले असतील, तर मी त्याला थांबण्याचा सल्ला देईन आणि तो देताना मला वाईट वाटणार नाही. पदवी राहिली असेल तर ती आधी पूर्ण करू द्या. इंटरचे दोन्ही ग्रुप निघाल्याशिवाय नव्या योजनेत आर्टिकलशिप सुरू होत नाही, त्यामुळे तीन वर्षे तो फक्त पुस्तकांसमोर बसला आहे. एखाद्या कर सल्लागाराकडे काम मिळाले, तर आपण केलेल्या कामाचा कोणालातरी उपयोग होतो, हा अनुभव त्याला कदाचित पहिल्यांदाच येईल.

पण ते नंतर. आज रात्री त्याचे ताट खोलीत पाठवू नका. तुमचे आणि त्याचे, दोन्ही ताटे घेऊन तुम्हीच आत जा, आणि निकालाचा विषय न काढता त्याच्याबरोबर जेवा. उद्या सकाळी १४४१६ ला फोन करा.